उशाशी बसलेला माणूस

गंगापूरकडून छत्रपती संभाजीनगरला येणारा रस्ता वाळूजमधून जातो. दिवसा या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि उसाचे ट्रॅक्टर असतात. रात्री त्यांच्यातून वाट काढत १०८ ची गाडी जाते. कधी आत अडलेली बाळंतीण असते आणि सोबतच्या चिठ्ठीचा अर्थ एका शब्दात सांगता येतो: घाटी. घाटी म्हणजे शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. सगळ्या मराठवाड्याचं शेवटचं दार.

तालुक्याच्या रुग्णालयातून बाईला पुढे पाठवण्याची कारणं अनेक असतात. रक्त उपलब्ध नसतं, नवजात बाळाकडे पाहणारा डॉक्टर नसतो. पण ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं ऐकू येणारं एक कारण असं आहे: टेबल आहे, दिवा आहे, सिझर करणारा डॉक्टरही आहे, भूल द्यायला कुणी नाही.

आपल्या डोक्यातलं ऑपरेशन थिएटर सिनेमातून आलेलं आहे. तिथे सर्जन असतो, कात्री मागतो, बाहेर येऊन मास्क काढतो. रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस कॅमेऱ्यात येत नाही. प्रत्यक्षात त्या माणसाशिवाय कात्री उचलताच येत नाही. मग तो नसेल तर काय करायचं? तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायचं, की साध्या एमबीबीएस डॉक्टरला शिकवायचं? शिकवायचं तर किती आणि काय?

हे प्रश्न आजचे वाटतात. पण ज्या राज्यात वाळूज एकेकाळी होतं, त्या निजामाच्या हैदराबाद राज्यात त्यांच्यावरून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मोठं भांडण झालं होतं. त्या भांडणात सारं वैद्यकीय जग ओढलं गेलं होतं.

पंधरा वर्षांची मुलगी आणि अंगठ्याचं नख

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ईथरची वाफ देऊन एका रोग्यावर वेदनेशिवाय शस्त्रक्रिया झाली. पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे पाचच महिन्यांत, ईथर कलकत्त्याला पोचलं. जहाजांच्या त्या काळात हा वेग थक्क करणारा आहे. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. ते ईथरपेक्षा लवकर चढायचं, थोडं पुरायचं आणि पेट घ्यायचं नाही. रुमालावर चार थेंब टाकले की काम व्हायचं. उष्ण हवामानात ईथर भराभर उडून जातं. त्यामुळे हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मच सोयीचं ठरलं.

तीन महिनेही झाले नव्हते, तोच पहिला मृत्यू झाला. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं होतं. ती घाबरलेली होती. रुमालावर क्लोरोफॉर्म घेऊन तिच्या नाकाशी धरलं आणि काही मिनिटांत ती गेली.

नंतरची साठ वर्षं डॉक्टर एकाच गोष्टीवरून भांडत राहिले. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तेव्हा आधी काय बंद पडतं, श्वास की हृदय?

हा केवळ पुस्तकी वाद नव्हता. भूल देणाऱ्याने कुठे पाहायचं, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं. लंडनचे डॉक्टर नाडीवर बोट ठेवायला सांगत. एडिंबरोचे सर्जन जेम्स साइम यांची शिकवण उलटी होती: नाडी सोडा, श्वास पाहा, श्वास अडला तर जीभ पुढे ओढा. हातात रुमाल, समोर रोगी आणि लक्ष एकाच ठिकाणी पुरेल अशी परिस्थिती. त्यात विद्यार्थ्याला काय शिकवायचं, हा प्रश्न जीवनमरणाचा होता.

निजामाचे एक हजार पौंड

साइम यांचा एक विद्यार्थी १८८५ मध्ये हैदराबादला आला. त्याचं नाव एडवर्ड लॉरी. तो ब्रिटिश रेसिडेन्सीचा सर्जन होता आणि हैदराबाद मेडिकल स्कूल त्याच्या हाताखाली होतं. १८४६ मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून राज्याच्या दवाखान्यांसाठी डॉक्टर घडत. हैदराबाद राज्य अवाढव्य होतं. औरंगाबाद हा त्याचा एक सुभा. एवढ्या मुलखाला पुरतील इतके युरोपीय सर्जन मिळणं अशक्यच होतं. स्थानिक मुलामुलींना शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लॉरीने साइम यांचा नियम जसाच्या तसा विद्यार्थ्यांच्या हाती दिला. एक साधी टोपीसारखी शंकूची पिशवी, त्यावर क्लोरोफॉर्म आणि डोळे सतत श्वासावर. त्याच्याकडे विद्यार्थीच भूल देत. हजारो रोग्यांना अशी भूल देऊनही मृत्यू होत नाही, असा त्याचा दावा होता.

लंडनला हे पटेना. तेव्हा १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की आधी श्वास बंद पडतो, हृदय नंतर. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली. त्यावर सहावे निजाम महबूब अली खान यांनी लॅन्सेटला एक हजार पौंड देऊ केले. अट एकच: तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर सगळे प्रयोग पुन्हा करू. लॅन्सेटने लंडनचे ख्यातनाम औषधशास्त्रज्ञ टॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. वसाहतीच्या काळात एका हिंदी संस्थानाने विलायती विद्वानांना खर्च देऊन बोलावलं आणि 'या, तपासून पाहा' असं सांगितलं, हे चित्र विरळा.

१८८९ च्या अखेरीस दुसरं कमिशन बसलं. कुत्री, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. आज ते वाचताना पोटात कालवतं. हृदयाला धोका असतो असं मानत आलेले ब्रंटन मत बदलून परतले. क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडत नाही. धोका आहे तो गुदमरण्याचा आणि अतिमात्रेचा, असा निर्वाळा त्यांनी दिला.

या साऱ्या काळात त्या शाळेत एक पारशी तरुणी शिकत होती. तिचं नाव रूपाबाई फर्दूनजी. १८८५ मध्ये प्रवेश घेतलेल्या मोजक्या मुलींपैकी ती एक. १८८९ मध्ये तिचं शिक्षण पुरं झालं. पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत तिने वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म दिलं आणि १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी ती एडिंबरोला गेली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिची गणना होते. आनंदीबाई जोशी आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. रूपाबाईंचं नाव मात्र त्या राज्याचा भाग असलेल्या मराठवाड्यातही फारसं कुणाला ठाऊक नाही.

अर्धं बरोबर, अर्धं चूक

लॉरी जिंकला, असं वाटलं. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरने मांजरांवर वेगळेच प्रयोग केले. त्याने गाढ भुलेऐवजी हलकी भूल दिली आणि अ‍ॅड्रिनॅलिन टोचलं. अ‍ॅड्रिनॅलिन म्हणजे भीतीच्या क्षणी शरीरात आपोआप सुटणारं रसायन. मांजरांची हृदयं ताल सोडून थरथरली आणि थांबली. श्वास बंद पडण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. घाबरलेल्या माणसाला अर्धवट क्लोरोफॉर्म मिळालं तर हृदय एकाएकी बंद पडू शकतं, हे सिद्ध झालं. हॅना ग्रीनर कशाने गेली याचा निश्चित निकाल आज कुणी देऊ शकत नाही. पण भेदरलेली मुलगी आणि घाईने नाकाशी धरलेला रुमाल हे वर्णन लेव्हीच्या मांजरांशी जुळतं.

म्हणजे शास्त्राच्या अंगाने हैदराबाद चुकलं होतं. लॉरीने आपला नियम नुसता उपयोगी न मानता पूर्ण सत्य मानला आणि विरुद्ध पुरावा ऐकायची तयारी ठेवली नाही.

तरी त्या शाळेचं एक म्हणणं आजही टिकून आहे. साधनं तुटपुंजी असतील तर भूल देणाऱ्याला एक स्पष्ट सवय लावा. त्याला दुसरं काम देऊ नका. ऑपरेशन कसं चाललंय हे त्याने पाहू नये. त्याने रोग्याचा श्वास पाहावा. ही शिस्त श्रीमंत इस्पितळांपुरती नाही आणि ती शिकवता येते. इंग्लंडमध्ये क्लोरोफॉर्म देणारा अनेकदा मोकळा असलेला कुणीही असे. हैदराबादमध्ये तो त्या कामासाठी शिकवलेला विद्यार्थी असे.

यंत्र आलं, तज्ज्ञ आले, शहरात राहिले

विसाव्या शतकात भूल हे स्वतंत्र शास्त्र झालं. पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून कमरेखालचा भाग बधिर करण्याची रीत जर्मनीत ऑगस्ट बीअरने १८९८ मध्येच दाखवली होती. १९१७ च्या सुमारास हेन्री बॉइलचं यंत्र आलं. आपल्याकडचे डॉक्टर आजही भुलेच्या यंत्राला सरसकट 'बॉइल्स' म्हणतात. भारतातल्या भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये उभी राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात आलं आणि १९५६ मध्ये औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायला हैदराबादेला जायची गरज उरली नाही.

पण एमबीबीएसनंतर भुलेत एमडी व्हायला आणखी तीन वर्षं लागतात. त्या शिक्षणानंतर माणूस जिथे रोज चार-सहा ऑपरेशनं होतात तिथे जाणार, हे उघड आहे. भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना थाटून चालत नाही. त्याला सर्जन लागतात, थिएटर लागतं. तालुक्याला आठवड्यात दोन सिझर होत असतील तर त्याचं पोट भरत नाही आणि हातही चालता राहत नाही. तो शहरात राहिला याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

उलटी वाट धरणारेही होते. डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकलेल्या. त्या आणि डॉ. प्रकाश आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले. लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा तिथे वीज नव्हती. पण व्यवस्था अशा जोडप्यांच्या भरवशावर चालत नाही. हेमलकशाबद्दल आपल्याला आदर वाटतो तो ते अपवाद असल्यामुळे.

या गरजेने औषधं आणि यंत्रांनाही वळण लावलं. सिलिंडरशिवाय, साध्या हवेवर चालणारं ईथरचं ईएमओ यंत्र ऑक्सफर्डमध्ये घडलं आणि जगभरच्या छोट्या दवाखान्यांत पोचलं. १९७० मध्ये केटामाइन वापरात आलं. त्याने रोगी तुटल्यासारखा होतो, वेदना पोचत नाही, पण श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाबही सहसा पडत नाही. रक्तस्राव होत असलेल्या बाईसाठी, जिथे यंत्र धड नाही अशा ठिकाणी, हे वरदान होतं. लॉरीच्या विद्यार्थ्यांना असं औषध मिळालं असतं तर बराचसा वाद उद्भवलाच नसता.

अठरा आठवडे

२००१ ते २००३ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरत होत्या. त्यात रक्तस्राव, झटके, अडलेलं बाळंतपण ही मोठी कारणं. बाळंतपणानंतर मोठा रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोनेक तासांत जाऊ शकते. एवढ्या वेळात जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं, तर अनेक गावांना ते जमत नाही. म्हणून सिझर जवळच व्हायला हवं, आणि सिझरसाठी भूल हवी.

त्या दशकात केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम आणला. त्याचं नाव जीवनरक्षक भूल-कौशल्य प्रशिक्षण, इंग्रजी आद्याक्षरांत 'एलसॅस'. कालावधी अठरा आठवडे: आधी मेडिकल कॉलेजात, मग जिल्हा रुग्णालयात. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली तो राज्याराज्यांत पसरला. त्याच सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मदतीने एमबीबीएस डॉक्टरांना सिझर शिकवणारा सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रमही सुरू झाला.

भूलतज्ज्ञांमधून विरोध झाला. आम्ही तीन वर्षं शिकतो ते अठरा आठवड्यांत कसं येईल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं की ते सगळं शिकवायचंच नव्हतं. हृदयाच्या ऑपरेशनची किंवा तान्ह्या बाळाची भूल या डॉक्टरने द्यायची नाही. त्याची हद्द अडचणीत सापडलेल्या गरोदर बाईपुरती.

आणि ही हद्दही सोपी नाही. गरोदर बाईचं पोट रिकामं आहे असं कधीच धरायचं नसतं. बेशुद्धीत अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर जीव जातो. ती उताणी झोपली की गर्भाशयाचं ओझं मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून तिला डावीकडे किंचित कलतं ठेवायचं. पाठीतली भूल दिल्यावर दाब पुन्हा पडतो, त्याचं औषध आधीच सिरिंजमध्ये भरून तयार हवं. भूल फार वर चढली तर छातीचे स्नायू ढिले पडतात, तेव्हा पिशवी-मास्कने श्वास देता आला पाहिजे. नळी घालता आली पाहिजे आणि ती जमली नाही तर न घाबरता मास्कवर परत येता आलं पाहिजे.

यातली बहुतेक कामं पुस्तकातून येत नाहीत. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला की नाही हे करंगळीने जबडा उचलताना कळतं. पाठीत सुई योग्य जागी गेली की तिच्यातून पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. तो यायला किती वाट पाहायची हे अनुभवाने कळतं. म्हणून प्रशिक्षणाचा कणा व्याख्यान नव्हे. कणा म्हणजे वरिष्ठाच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा केलेलं काम. त्यातली सगळ्यात अवघड शिकवण म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचा रोगी ओळखणं आणि त्याला वेळेत पुढे पाठवणं.

शिकवलं, पण पुढे?

या योजनेचं दुखणं मुख्यतः वर्गाबाहेर होतं. भूल शिकलेला डॉक्टर एका तालुक्यात आणि सिझर शिकलेला दुसऱ्या तालुक्यात, अशा नेमणुका झाल्या. कुठे डॉक्टर होता पण रक्तसाठा नव्हता. परतल्यावर पहिली काही महिने केसच आली नाही की हात अडखळू लागतो. मग रात्री दोन वाजता एकट्याने सुई उचलायचं धैर्य होत नाही. त्यात काही बरंवाईट झालं तर 'तू तज्ज्ञ नसताना दिलीस कशी?' हा प्रश्न समोर उभा असतोच. अशा वेळी बाईला गाडीत घालून पुढे पाठवणं डॉक्टरसाठी सुरक्षित असतं. बाईसाठी ते सुरक्षित असतंच असं नाही.

१८८९ आणि आज यांत खरा फरक इथे आहे. लॉरीचे विद्यार्थी शिकले त्याच रुग्णालयात रोज भूल देत, मागे शिक्षक असे. आपण माणसाला शिकवतो आणि एकटं सोडतो. अठरा आठवडे कमी पडले की जास्त झाले, यापेक्षा एकोणिसाव्या आठवड्यात काय होतं हा प्रश्न मोठा आहे.

त्यावर उपायही ठाऊक आहेत. ब्रिटिश आणि जागतिक भूलतज्ज्ञ संघटनांनी २०११ मध्ये युगांडातून 'सेफ' नावाची तीन दिवसांची शिबिरं सुरू केली. आधीच भूल देणाऱ्यांची उजळणी व्हावी आणि त्यातूनच पुढचे स्थानिक शिक्षक तयार व्हावेत, ही त्यामागची कल्पना. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी वाचायची एका पानाची तपासयादी आणली. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे, ज्यांचे वडील विदर्भातल्या उमरखेड परिसरातून अमेरिकेला गेले होते. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीचं एक होतं. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्या यादीतला एक प्रश्न असा: रोग्याला पल्स ऑक्सिमीटर लावला आहे का, आणि तो चालू आहे का?

ऑक्सिमीटर आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताईंनी तो घरोघरी बोटाला लावला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो. बोटातून प्रकाश जातो आणि पडद्यावर दोन आकडे येतात: रक्तातला प्राणवायू आणि नाडी.

श्वास आणि हृदय, दोन्ही एकाच पडद्यावर. ज्यावरून डॉक्टर साठ वर्षं भांडले, तो निवाडा चिमट्याएवढ्या यंत्राने केला: दोन्हीकडे पाहा. पण हे यंत्रही थोडं उशिरा बोलतं. श्वास थांबल्यावर आकडा घसरायला वेळ लागतो, आणि घसरायला लागल्यावर हातात फारसा वेळ नसतो. छाती हलते आहे का हे आधी डोळ्यांनीच दिसतं. म्हणजे लॉरीचा नियम अजूनही लागू आहे. त्याचा हट्ट तेवढा गळून पडला.

२०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३ वर आलं होतं, देशाचं ९७. यामागे दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, गाड्या आहेत, रक्त आहे, आशाताई आहेत आणि उशाशी बसायला शिकलेले डॉक्टरही आहेत. उरलेले मृत्यू कमी करणं मात्र जास्त कठीण, कारण ते रात्रीच्या वेळी, लांबच्या गावी आणि रिकाम्या पदांपाशी साठलेले असतात.

मराठीत 'भूल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: गुंगी आणि चूक. दुसरीपासून पहिलीला वाचवायचं तर काय लागतं, याचं उत्तर रूपाबाईंच्या शाळेने अर्धं देऊन ठेवलं आहे: शिकवलेला माणूस, एकच काम, अखंड लक्ष. बाकीचं अर्धं आपल्याकडे आहे. त्या माणसाला सोबत सर्जन द्यायचा, हाताला सराव द्यायचा, फोन केला तर उचलणारा वरिष्ठ द्यायचा आणि प्रामाणिकपणे केलेल्या कामाला संरक्षण द्यायचं. एवढं झालं तर वाळूजच्या रस्त्यावरून रात्री जाणाऱ्या गाड्यांपैकी काहींना निघावंच लागणार नाही.